पाणी कितीवर आलंय?

जुलैच्या अखेरीस कोल्हापुरात पाहुणे म्हणून गेलात, तर छत्री मिटायच्या आत एक आकडा कानावर येतो. ‘बत्तीसवर आलंय.’ दुसऱ्या दिवशी ‘साडेचौतीस’. आकडा फुटांचा असतो आणि पंचगंगेचा असतो. दूधवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत तो सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि गावातली निम्मी संभाषणं त्यानंच सुरू होतात. शाळांना पावसाची सुट्टी पडलेली, आत्या-मावश्या मुलाबाळांसह माहेरी आलेल्या, बाहेर धार थांबायला तयार नाही. अशा दुपारी कुणीतरी म्हणतंच, ‘चला, पाणी बघून येऊया.’

पुण्या-मुंबईच्या भाचरांना यात बघण्यासारखं काय आहे ते आधी कळत नाही. कोल्हापूरला समुद्र नाही. सर्वांत जवळचा किनारा घाट उतरून गेल्यावर कोकणात, आणि भर पावसात अणुस्कुऱ्यानं किंवा गगनबावड्यानं खाली उतरायची हौस सगळ्यांनाच नसते. त्यामुळं या गावानं किनाऱ्याची हौस नदीवर आणि तळ्यांवर भागवली. रंकाळ्याच्या काठाला तर कोल्हापूरकरांनी सरळ ‘चौपाटी’ हे नाव देऊन टाकलं.

गंमत म्हणजे समुद्राचा देव मात्र या गावात आहे. पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४०च्या दशकात तिथं उत्खनन झालं, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीच्या थरांतून ब्राँझच्या वस्तू निघाल्या. त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची वीतभर मूर्ती होती. रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून ती कोकणातल्या कुठल्याशा बंदरात उतरली असणार आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून पंचगंगेकाठी आली असणार. आज ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. पाऊस फारच वाढला आणि घाटावर जाता आलं नाही, तर मुलांना ती दाखवायला न्यावं. पावसाळी दुपारी तिथं गर्दी नसते.

आता नदीकडे वळू. पंचगंगा उगमाला पंचगंगा नसते. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या सह्याद्रीवरून येणाऱ्या चार नद्या आणि पाचवी गुप्त सरस्वती, अशी ती पाच नावं. कोल्हापूरच्या वायव्येला प्रयाग चिखली इथं त्यांचा संगम होतो आणि तिथून पुढं नदी हे एकच नाव घेऊन शहराला वळसा घालते. तिथून पूर्वेला वाहत जाऊन ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. सगळा प्रवास ऐंशीएक किलोमीटरचा. एवढ्याशा नदीनं एवढा धाक का बसवावा, याचं उत्तर शहरात मिळत नाही. त्यासाठी पश्चिमेकडे बघावं लागतं.

गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पंचावन्नएक किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात तो हजाराच्या आसपास येतो आणि आणखी पूर्वेला शिरोळमध्ये त्याच्याही निम्म्यावर. एकाच जिल्ह्यात इतका फरक पडतो, कारण अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीची भिंत चढताना थंड होतात आणि बहुतेक पाणी माथ्यावरच टाकून मोकळे होतात. त्यामुळंच कोल्हापुरात दिवसभर नुसती भुरभुर असताना, क्वचित ऊनही पडलेलं असताना, नदी चढत राहते. पाहुण्यांना हे कोडं वाटतं. ‘पाऊस तर थांबलाय, मग पाणी कसं वाढतंय?’ इथला दहा वर्षांचा पोरगाही सांगेल, ‘वर पडतोय.’ या ‘वर’मध्ये गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी हे सगळे तालुके आले.

आषाढातला नदीचा रंगही तिथूनच येतो. घाटमाथ्यावरची जांभ्या दगडाची तांबडी माती धुऊन पहिलं पाणी खाली येतं. या नव्या पाण्याचा मान कोल्हापूरनं फार जुन्या काळापासून ठेवला आहे. आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी पेठा आणि गल्ल्यांमधल्या पोरीबाळी नदीचं पाणी कलशांत भरतात आणि ‘पी-ढबाक’च्या गजरात ते टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन देवीच्या पायरीवर ओततात. हीच त्र्यंबोलीची यात्रा. मागोमाग गल्लीगल्लीत मटणाच्या जेवणाचा बेत होतो. पावसाळी सहलीचा याहून जुना प्रकार या गावात सापडायचा नाही.

मग तो फुटांचा आकडा येतो कुठून? कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. तिथल्या मापावर पाण्याची उंची वाचली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे गावाच्या अंगात भिनलेले आहेत. हा बंधारा ज्या जातीचा आहे ती जातही या गावाच्याच नावानं ओळखली जाते. महाराष्ट्रभर जे ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ दिसतात ते हेच. नदीत थोड्या थोड्या अंतरावर खांब, खांबांना खाचा आणि खाचांत बसवायचे बरगे. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढून नदीला वाट मोकळी करायची. स्वस्त, साधी आणि नदीशी भांडण न करणारी रचना. बहुतेक बंधाऱ्यांच्या माथ्यावरून रस्ताही जातो. त्यामुळं ‘जिल्ह्यातले पन्नास बंधारे पाण्याखाली’ अशी बातमी आली की कोल्हापूरकर घाबरत नाही. बंधारा पाण्याखाली जाणं हे त्याच्या नेहमीच्या वागण्यातलंच आहे. त्याला कळतं ते एवढंच, की उद्या त्या वाटेनं जाता येणार नाही.

या आकड्यात एक मेख आहे आणि ती बऱ्याच जाणत्यांच्याही लक्षात येत नाही. सगळे फूट सारखे नसतात. नदी काठांच्या आत असते तोवर ती अरुंद असते. वरून थोडं पाणी आलं तरी पातळी झरझर वाढते आणि सकाळी चोवीस असलेला आकडा रात्री तीसवर गेलेला दिसतो. एकदा ‘पाणी पात्राबाहेर पडलं’ की ती दोन्ही बाजूंच्या मळीत, उसाच्या शेतांत पसरते. मग तेवढ्याच पाण्यानं पातळी इंचांनीच वाढते. लोक म्हणतात, ‘वाढ मंदावली, आता काळजी नाही.’ प्रत्यक्षात चव्वेचाळिसाव्या फुटावरचा एक इंच हा विसाव्या फुटावरच्या एका इंचाहून कितीतरी जास्त पाणी पोटात घेऊन आलेला असतो. उतरतानाही तीच गोष्ट. शेतांत पसरलेलं ते सगळं पाणी परत त्याच अरुंद पात्रातून जायचं असतं. म्हणून पूर चढतो दोन दिवसांत आणि उतरायला आठवडा घेतो.

दुसरा आकडा राधानगरी धरणाचा. ‘तीन दरवाजे उघडले’ ही बातमी रात्री येते आणि घराघरांत तिच्यावर चर्चा झडते. कुणी उघडले, का उघडले, आधीच का नाही उघडले! खरं तर हे दरवाजे कुणी उघडत नाही. भोगावतीवरच्या या धरणाचं काम राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. महाराज १९२२ मध्ये गेले, आणि धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. त्यांना वीज लागत नाही, मोटर लागत नाही, साहेबाचा हुकूम तर नाहीच. दरवाजाचं वजन आणि त्याला तोलून धरणारा भार यांचा हिशेब असा बसवलेला आहे, की पाणी ठरावीक उंचीला पोचलं की पाण्याच्याच जोरावर दरवाजा उघडतो आणि पातळी खाली आली की आपला आपण मिटतो. अधिकाऱ्यांच्या हातात राहतं ते फक्त दवंडी पिटणं, म्हणजे आजच्या भाषेत अलर्ट पाठवणं.

एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं असं वर्तमानपत्रं दरवर्षी छापतात आणि वाचणारे दरवर्षी मान डोलावतात. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लिटरांच्या वर. हिशेब मांडला तर एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटर, म्हणजे चाळीस टन पाणी. सातही उघडले तर जवळपास दहा हजार क्युसेक. आणि धरणाची साठवण ८.३६ टीएमसी म्हणतात तेव्हा एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. मुलांना हे गणित घाटाच्या पायरीवर उभं राहून घालावं. वर्गात ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

तरीही सगळं खापर राधानगरीवर फोडणं बरोबर नाही. तुळशीवर धामोडला, कासारीवर गेळवड्याला, कुंभीवर लखमापूरला धरणं आहेत. पण या सगळ्या धरणांच्या खाली जो डोंगराळ मुलूख उरतो, त्यावर पडणारा पाऊस कुठल्याच भिंतीनं अडत नाही. तो ओढ्यांतून थेट नदीत येतो. दुसरं म्हणजे काळम्मावाडीचं धरण यात धरायचं नाही. ते दूधगंगेवर आहे, जिल्ह्यातलं सर्वांत मोठं आहे, पण त्याचं पाणी पंचगंगेत येतच नाही. कोल्हापूर शहराला पिण्यासाठी ते थेट पाइपलाइनीतून येतं, तो भाग निराळा. चहाच्या टपरीवरचे तज्ज्ञ हे सगळं एका पातेल्यात ढवळतात.

खरा पेच खाली आहे, वाडीच्या संगमावर. महाबळेश्वर-कोयनेकडे धो धो पाऊस झाला की कृष्णा आधीच तुडुंब असते. पंचगंगेचं पाणी तिच्यात शिरायला जागाच उरत नाही. शिरोळचा मुलूख सपाट, उतार जवळपास नाही. मग पाणी मागं तटतं, फुगवटा तयार होतो आणि तो मैलोन्‌मैल मागं सरकतो. शहरातही याची छोटी आवृत्ती पाहायला मिळते. जयंती नाला एरवी शहराचं पाणी नदीत नेतो. नदी वर चढली की तोच नाला उलटा वाहून नदीला शहरात आणतो. घाटापासून लांब, शाहूपुरीत व्हीनस कॉर्नरला गुडघाभर पाणी कसं, या प्रश्नाचं उत्तर हा नाला आहे.

आणि अलमट्टी? कर्नाटकातल्या त्या धरणाचं नाव निघाल्याशिवाय इथला कुठलाही पूर पुरा होत नाही. २०१९च्या पुरानंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं बोट दाखवलं ते अतोनात पावसाकडे आणि नदीच्या हद्दीत झालेल्या बांधकामांकडे. अलमट्टीला तिनं मुख्य आरोपी धरलं नाही. शिरोळ तालुक्यात हे फारसं कुणाला पटलेलं नाही आणि कर्नाटकानं धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचा विषय काढला की आंदोलनं पेटतात. माझं मत विचाराल तर वाद दोन्ही बाजूंनी चालू राहू दे, पण आपल्या अंगणातली निळी आणि लाल रेषा आधी पाळावी. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. या रेषांच्या आत किती मजले उभे आहेत हे बघायला समिती लागत नाही. घाटावरून घरी परतताना रिक्षातूनसुद्धा दिसतं.

शिरोळकडचं पाणी मात्र नुसतं भीतीचं नाही. नरसोबाच्या वाडीला दत्तमंदिर अगदी नदीच्या पात्रालगत आहे. पाणी वाढत वाढत मंदिरात शिरतं, उत्तरेच्या दारानं आत येऊन मनोहर पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. हाच दक्षिणद्वार सोहळा. त्या दारातून येणाऱ्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री गाड्या काढून धावतात, कारण पाणी त्या नेमक्या उंचीवर किती तास राहील याचा नेम नसतो. थोडं आणखी चढलं की दारच बुडतं. पाणी वाढताना होतो तो चढता दक्षिणद्वार, ओसरताना होतो तो उतरता. उत्सवमूर्ती तेवढ्यात वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात हलवलेली असते. देवच दरवर्षी वेळेवर घर सोडतो, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. सोहळा झाला की बासुंदी आणि कवठाची बर्फी घेऊन माणसं ओल्या कपड्यांनी घरी येतात.

शहरातही वेळेवर घर सोडणारे आहेत, पण त्यांच्या वाट्याला बासुंदी नाही. पाणी जामदार क्लबकडे सरकलं की सुतारवाड्यातली कुटुंबं गाठोडी बांधून चित्रदुर्ग मठात जातात. बहुतेक दर मोठ्या पावसाळ्यात हे घडतं. आंबेवाडी, चिखलीची माणसं जनावरं सोडवून उंचावर हलतात. पाणी बघायला गेलेल्या आपल्या गाडीचा हॉर्न त्यांच्या ट्रॉलीच्या मागं वाजत असेल, तर तो बंद करावा हे बरं.

१९८९ आणि २००५ च्या पुरांच्या खुणा जुन्या लोकांनी भिंतींवर जपल्या होत्या. २०१९च्या ऑगस्टनं त्या पुसल्या. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, शहराचा जगाशी रस्त्यानं संबंध तुटला. आणि सगळीकडे पाणीच पाणी असताना नळ कोरडे पडले, कारण बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रंच बुडाली होती. असा पूर पुन्हा आपल्या हयातीत यायचा नाही, असं म्हणणाऱ्यांना दोनच वर्षांत, जुलै २०२१ मध्ये, नदीनं ५६ फुटांवर जाऊन उत्तर दिलं.

त्यानंतर ‘पाणी बघायला’ जाण्यावर पोलिसांचे बॅरिकेड आले. शिवाजी पुलावर गर्दी होऊ देत नाहीत. एके काळी या दगडी कमानींच्या पुलावरून तालमीतली पोरं भर पुरात उड्या टाकायची आणि खाली वाहत जाऊन काठाला लागायची. सगळं गाव ते बघायला जमायचं. आजही आजोबा मंडळी त्या कथा रंगवून सांगतात. रंगवून सांगाव्यात, पण नातवाच्या डोळ्यांत चमक दिसली तर लगेच पुढचंही सांगावं. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. जोराचं पाणी वीतभर खोल असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलतं आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारी तरंगवायला पुरतं. बंधाऱ्याच्या माथ्यावर पाणी ‘फक्त घोट्याएवढं’ आहे म्हणून गाडी घालणारे बहुधा बाहेरगावचे असतात. त्यांना कठडा कुठं नाही हे ठाऊक नसतं आणि तांबड्या पाण्याखाली रस्ता वाहून गेलाय की आहे, हेही दिसत नाही.

आकडा चाळिशीकडे सरकला की बाहेर पडायचं असेल तर कळंबा आणि रंकाळा हे दोन काठ आहेत. कळंबा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी पडायला लागतं आणि संध्याकाळी तिकडं आख्खी उपनगरं लोटतात. रंकाळ्याचं वेगळं. हे तळं मूळचं दगडाच्या खाणीचं असं सांगतात. त्याच्या पोटात संध्यामठ उभा आहे. उन्हाळ्यात तो उघडा पडतो आणि पावसाळ्यात त्याचं छतच तेवढं पाण्यावर राहतं. मुलांना संध्यामठाकडे बोट करून ‘सांग, मागच्या वेळी किती दिसत होता?’ असं विचारता येतं. पाणी मोजण्याचा पहिला धडा तिथंच होतो. काठावरच्या नंदीची गोष्टही याच वेळी सांगायची असते. तो रोज गहूभर पुढं सरकतो आणि तांदूळभर मागं येतो, आणि तळ्यापर्यंत पोचला की जगबुडी! भाजलेलं कणीस हातात असलं की ही गोष्ट कितीही वेळा ऐकता येते.

यंदा पावसाळ्यात पाहुणे आले तर त्यांना घाटावर जरूर न्या, पण निघण्याआधी राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघा. तिशीच्या आत असेल तर घाटाच्या वरच्या पायरीवरून बघा, मुलांचा हात सोडू नका आणि शेवाळलेल्या दगडावर चपला घालून उतरू नका. ३९ च्या पुढं असेल तर घाट सोडा आणि रंकाळा गाठा. ४३ झाला तर घरीच थांबा, मोबाइल चार्ज करून ठेवा, पिण्याचं पाणी भरून घ्या आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ करून द्या.